झीज

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
पट्टा सुरू होतो तेव्हा आधी त्याचा घरंगळल्यासारखा आवाज येतो,
मग मी.

समोर भिंत. भिंतीवर कुणाच्या तरी दंडांचं पोस्टर,
त्याचा एक कोपरा सुटलेला, पंख्याच्या वाऱ्यावर हलतो.
लाल आकडे म्हणतात पाच किलोमीटर झाले.
त्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा मी पोचलेली नसते.

मॅडम, टाच आपटू नका, म्हणतो नायकवडी ट्रेनर,
पाऊल आखूड टाका, खाली बघू नका,
आणि एक टक्का चढ ठेवा,
पट्ट्यावर समोरून वारा लागत नाही, त्याची ती भरपाई.
न लागलेल्या वाऱ्याचाही हिशेब ठेवतात
हे मला बरं वाटलं. मी बँकेत आहे.

मार्चअखेरीला डावी नडगी बोलायला लागली.
आधी धावून झाल्यावर, मग धावताना,
मग जिना उतरताना,
मग नुसती, रात्री, अंथरुणात, विनाकारण.
बेनाडीकर बाईंनी हाडाच्या कडेनं अंगठा दाबत नेला
आणि एका जागी थांबवला. इथंच ना?
तीन आठवडे धावणं बंद. बर्फ. पोटरीचे ताण.
नंतरही आठवड्याला दहा टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही.
आणि हे बूट किती किलोमीटर झालेत?
मी गप्प.
ठेवींचे दर मला तोंडपाठ,
पायाखालचं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

रविवारी सुभाषनगरला गेले, बूट पिशवीत घालून.
अण्णा रबराला हात लावत नाहीत, त्याला वास नाही म्हणतात.
तरी त्यांनी रापी बाजूला ठेवली, चष्मा पुसला,
बूट उलटा केला
आणि तळावरून अंगठा फिरवला, बाईंसारखाच.
डावा बाहेरनं खाल्लाय. उजवा बरा हाय.
डाव्या खांद्यावर कोण बसलंय गं तुझ्या?

एकोणीस वर्षं. डबा, छत्री, किल्ल्या, घरी आणलेली कामं.

दारात गिऱ्हाईक आलं की मी त्याचं तोंड बघत न्हाई,
जुनं पायताण बघतो. तोंड सांभाळून बोलतंय माणूस.
आणि नवं पायताण घालून लगेच गावभर हिंडायचं नसतं.
आठ दिवस तेल, घरातल्या घरात. मग उंबऱ्यापर्यंत. मग पुढं.
तुला लई घाई.

मी बोलले नाही. उठता उठता
त्यांचं पायताण हातात घेतलं. दाराशी, भिंतीला लावून ठेवलेलं.
चार वर्षांपूर्वी स्वतःच शिवलेलं, कापशी, दुहेरी तळाचं.
उलटं केलं.
तळ कोरा. टाचेवरचा टाका न् टाका जागेवर.
शेहेचाळीस वर्षं त्याच दगडासमोर एक गुडघा उभा, एक आडवा,
आणि फोटोच्या पांढऱ्या कागदावर डॉक्टरनं
दोन हाडांच्या मधली रेघ दाखवली होती, जी आता नाही.
एक दिवसही न धावता.

ठेव ते खाली, म्हणाले.

मे महिन्यात एका दुपारी, जिम रिकामी असताना, मी त्यांना वर आणलं.
एकवीस पायऱ्या, चार विसावे.
अनवाणी चालत नाही काका, अशी पाटीच लावलेली.
नायकवडीनं त्यांच्या पायांकडं पाहिलं,
मग पाटीकडं पाठ केली
आणि फळीवरची पाण्याची बाटली उगाच हलवली.

वेग दीड. दोन्ही हात दांड्यांवर.
अण्णा भिंतीकडं बघत चालले,
पोस्टरच्या कोपऱ्याकडं, पापणी न हलवता,
जसं सुईत दोरा ओवताना बघतात.
सहा मिनिटं.

किती झालं?
दीडशे मीटर.
म्हंजे कुठवर आलो?

मी मनात त्यांच्या दारातून निघाले,
उजवीकडं, चावडीवरून, पिठाच्या गिरणीवरून.
टाकीपर्यंत, म्हटलं.
टाकीपर्यंत?
मग पलीकडं बाबू व्हटकराचं दुकान दिसत असंल.

होय, म्हणाले मी. दिसतंय.
पट्टा थांबला होता. अण्णांनी दांडे सोडले नव्हते.
माझी पिशवी उजव्या खांद्यावर होती, जड, अनोळखी,
आणि सारखी घसरत होती.